सूत्राची चूक सूत्राला कशी कळणार?

विद्यार्थ्यांना गुण देणे हे शिक्षकाचे रोजचे काम. पण खुद्द शिक्षकालाच गुण देणारे एखादे सूत्र असले, आणि त्या गुणांवर त्याची नोकरी राहते की जाते हे ठरत असले तर? कॅथी ओनील या अमेरिकी गणितज्ञ बाईंच्या ‘वेपन्स ऑफ मॅथ डिस्ट्रक्शन’ या पुस्तकात सुरुवातीलाच अशी एक हकिकत येते. वॉशिंग्टन शहरातल्या सरकारी शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या एक शिक्षिका. मुख्याध्यापक त्यांच्यावर खूश, पालकही खूश. २०१०-११ हे शालेय वर्ष संपले आणि त्यांना कामावरून कमी करण्यात आले. त्यांच्याबरोबर आणखी २०५ शिक्षकांनाही घरी जावे लागले. मूल्यमापनाच्या नव्या पद्धतीत त्या सर्वांचे गुण फार कमी भरले होते.

पुस्तक २०१६ साली प्रसिद्ध झाले. ‘मास डिस्ट्रक्शन’ म्हणजे सामूहिक संहार. त्यातल्या ‘मास’च्या जागी ‘मॅथ’ बसवून लेखिकेने नाव तयार केले आहे. नाव जरा भडक आहे, आणि आतला मजकूरही कधीकधी नावाला शोभेल असाच भडक होतो. तरीही शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातल्या मुलांनी ते वाचावे असे आम्हाला वाटते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की निबंध लिहून देणारी, गप्पा मारणारी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. पण सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या आणि शिक्षण खाती यांच्यापर्यंत संगणकाचा निवाडा पोचला तो त्याच्याही आधी आणि फार साध्या वेशात: माणसाविषयी रकान्यांमध्ये माहिती भरायची, सूत्र चालवायचे, एक आकडा काढायचा, आणि त्या आकड्यावरून मदत कोणाला, शिक्षा कोणाला हे ठरवायचे. ओनीलबाईंचा विषय हा आहे. शिवाय पुस्तक येऊन आता बरीच वर्षे झाली असल्यामुळे त्यातली काही विधाने पुढच्या घटनांवर घासून पाहता येतात. ते आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

लेखिका बाहेरून टीका करणाऱ्यांपैकी नाहीत. संख्याशास्त्राशी सख्य असलेल्या माणसाचे हे पुस्तक आहे. हार्वर्ड विद्यापीठातून अंकसिद्धांतात पीएच.डी., मग महाविद्यालयात अध्यापन, आणि २००७ मध्ये डी. ई. शॉ या मोठ्या गुंतवणूक कंपनीत नोकरी. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली गृहकर्जे बुडाली आणि जगभर मंदी आली. त्या पडझडीत गणिताचा वापर धोका झाकण्यासाठी कसा झाला हे त्यांनी जवळून पाहिले. या पार्श्वभूमीमुळे त्यांच्या लिखाणात चीड आहे, आणि ती चीड जाणकाराची आहे.

आता शिक्षकांचे सूत्र. त्याचे तत्त्व ऐकायला अगदी न्याय्य वाटते. वर्गाच्या निकालावरून शिक्षकाला तोलणे चूक, कारण एखाद्याच्या वाट्याला हुशार मुले येतात, एखाद्याच्या वाट्याला मागे पडलेली. म्हणून निकाल पाहायचा नाही, वाढ पाहायची. समजा, एका मुलीला गेल्या वर्षी ६० गुण होते. शहरभरात गेल्या वर्षी ६० गुण मिळवणाऱ्या मुलांना यंदा सरासरी ६३ मिळाले. म्हणजे तिच्याकडून ६३ ची अपेक्षा. तिला मिळाले ६७, तर शिक्षकाच्या खात्यात चार गुण जमा; मिळाले ५९, तर चार गुण वजा. वर्गातल्या सगळ्या मुलांची अशी जमा-वजा करून सरासरी काढली की शिक्षकाने घातलेली भर निघाली. प्रत्यक्षातली सूत्रे घरची परिस्थिती, उपस्थिती अशा आणखी गोष्टी विचारात घेतात, पण गाभा हाच.

यात बिघडते कुठे? पुस्तकातल्या शिक्षिकेला आलेली शंका अशी. तिच्याकडे आलेल्या काही मुलांचे आदल्या वर्षीचे गुण चांगले होते, पण वर्गात पाहावे तर त्यांना धड वाचता येत नव्हते. आधीच्या शाळेत उत्तरपत्रिकांवर खाडाखोड करून उत्तरे बरोबर केली गेली असावीत, असा तिचा तर्क होता, आणि शहरातल्या अनेक शाळांत संशयास्पद खाडाखोड आढळलीही होती. आपण आकडे घालून पाहू. मुलाची खरी तयारी ४८ गुणांची, कागदावर मात्र ६०. शिक्षिकेने वर्षभर खपून त्याला ५५ पर्यंत आणले. खरी वाढ सात गुणांची. सूत्राची अपेक्षा मात्र ६३. सूत्राच्या लेखी शिक्षिकेने मुलाचे आठ गुणांचे नुकसान केले. खोटेपणा कोणी केला, आणि दंड कोणाला झाला!

पण समजा, सगळे गुण प्रामाणिक आहेत. तरीही एक अडचण राहतेच, आणि आमच्या मते ती जास्त मूलभूत आहे. वर्गात मुले असतात पंचवीस-तीस. एखाद्याला परीक्षेच्या दिवशी ताप आलेला, एखादीच्या घरी आदल्या रात्री भांडण, एखाद्याला नेमके पाठ केलेलेच प्रश्न आले. अशा कारणांनी प्रत्येकाचे गुण खाली-वर होतात. लाख मुलांच्या सरासरीत ही खाली-वर एकमेकींना खाऊन टाकते. पंचवीस मुलांच्या सरासरीत ती पुरेशी खाल्ली जात नाही. हे पटवायला सूत्र नको, नाणे पुरे. वर्गातल्या दहा मुलांना प्रत्येकी २५ वेळा नाणे उडवायला सांगा आणि छाप किती पडले ते मांडा. कोणाला नऊच पडतील, कोणाला सोळा. दहाजणांचा गुणानुक्रम फळ्यावर लिहा. पहिल्याचे अभिनंदन करा, शेवटच्याला समज द्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा करा. कालचा पहिला आज कुठे आहे ते मुलेच सांगतील. नाणे उडवण्यात कौशल्य नसते हे त्यांना ठाऊक असल्यामुळे सगळे हसतील. शिकवण्यात कौशल्य असते हे खरे. पण नाण्याचा हा खेळ त्या कौशल्यावर चढून बसलेला असतो, आणि एका वर्षाच्या आकड्यात कौशल्य किती व नाणे किती हे वेगळे काढता येत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका अनुभवी शिक्षकाला एका वर्षी शंभरपैकी ६ आणि पुढच्या वर्षी ९६ मिळाल्याचे पुस्तकात दिले आहे. शिकवणे त्याने बदललेले नव्हते.

या बाबतीत लेखिका एकट्या नाहीत. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने एप्रिल २०१४ मध्ये एक निवेदन काढले. मुलांच्या गुणांमध्ये जो फरक दिसतो त्यातला सुमारे १ ते १४ टक्के फरकच शिक्षकांमुळे पडतो, असे बहुतेक अभ्यासांत दिसते, असे त्यात म्हटले होते. याचा अर्थ शिक्षकाला महत्त्व नाही असा घ्यायचा नाही. तसे निवेदनही म्हणत नाही. एकाच शहरातल्या शिक्षका-शिक्षकांमधल्या फरकापेक्षा घराघरांतला फरक फार मोठा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी बाजू मात्र लेखिकेने मांडायला हवी होती तितक्या जोराने मांडलेली नाही, असे आमचे मत झाले. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांत असे दिसले की सूत्राने ज्यांना वरचे गुण दिले त्या शिक्षकांची मुले पुढे महाविद्यालयात जास्त प्रमाणात गेली आणि मोठेपणी त्यांची कमाईही थोडी जास्त होती. म्हणजे सूत्र अगदीच पोकळ नाही. त्यात काहीतरी खरे आहे. मग वॉशिंग्टनच्या शिक्षिकेवर अन्याय झाला असे म्हणायचे, की चेट्टींचे म्हणणे खरे धरायचे?

दोन्ही खरे असू शकते, आणि ही गोष्ट मुलांना नीट समजावून देण्यासारखी आहे. हजारो शिक्षकांची सरासरी घेतली की नाण्याचा खेळ पुसला जातो आणि उरलेला खरा अंश दिसू लागतो. एकाच शिक्षकाकडे पाहिले तर तो पुसला जात नाही. तालुक्याच्या सरासरी पावसावरून तालुक्याचे धोरण आखता येते. एका शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी किती हे त्यावरून सांगता येत नाही. (पीकविम्याची भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते तेव्हा गावोगाव होणारी तक्रार याच जातीची.) धोरणासाठी उपयोगी असलेला आकडा एका माणसाच्या निवाड्यासाठी वापरला, ही चूक आहे. ती गणिताची नाही, वापरणाराची आहे. ओनीलबाई हे दोन दोष एकाच नावाखाली घालतात, त्यामुळे वाचकाला राग येतो पण नेमका दोष कुठे हे थोडे धूसर राहते.

या धोरणाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. गेट्स फाउंडेशनच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या तीन शाळा-मंडळांत आणि चार चार्टर शाळासमूहांत शिक्षकांच्या मूल्यमापनावर आधारलेला एक मोठा प्रयोग कित्येक वर्षे चालला. त्यावर एकंदर सुमारे ५७.५ कोटी डॉलर खर्च झाले. रँड या संशोधनसंस्थेने २०१८ मध्ये त्याचा अहवाल दिला. मुलांच्या प्रगतीची जी उद्दिष्टे ठेवली होती ती साधली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता.

पुस्तकातला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग मात्र शिक्षकांच्या गुणांच्या मागे जातो. अमेरिकेत हे सगळे सुरू कशामुळे झाले? १९८३ साली ‘अ नेशन ॲट रिस्क’ नावाचा सरकारी अहवाल निघाला. महाविद्यालय प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेची सरासरी वर्षानुवर्षे घसरते आहे, शाळा बिघडल्या आहेत, देश धोक्यात आहे, असा त्याचा सूर होता. सात वर्षांनी सँडिया प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तेच आकडे गट पाडून पाहिले. सरासरी घसरत होती, पण वेगवेगळे गट पाडले की गटांचे गुण घसरलेले दिसत नव्हते. ते स्थिर तरी होते किंवा वाढत तरी होते!

हे कसे शक्य आहे? सोयीचे आकडे घेऊ. पूर्वी परीक्षेला १०० मुले बसत: ९० सुस्थितीतली, त्यांची सरासरी ५००, १० गरीब घरची, त्यांची सरासरी ४००. सगळ्यांची मिळून सरासरी ४९०. पुढे शिक्षण पसरले. आता शंभरात ६० सुस्थितीतली, त्यांची सरासरी ५१०; ४० गरीब घरची, त्यांची सरासरी ४२०. दोन्ही गट सुधारले. एकत्र सरासरी काढा: ४७४. सोळा गुणांनी घसरली! संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. पूर्वी ज्यांना परीक्षेच्या दारात उभे केले जात नव्हते ती मुले आत आली, हे चांगलेच झाले. पण सरासरीने ते बिघडले असे दाखवले. दहावी-बारावीच्या निकालाची टक्केवारी वाचताना, किंवा दोन शाळांची तुलना करताना, ही आकडेमोड फळ्यावर एकदा करून दाखवावी. आठवीच्या मुलांनाही ती जमते.

एवढ्या सगळ्यातून लेखिका एक कसोटी काढतात, आणि पुस्तकाचा खरा ठेवा तीच आहे. दुकानदाराच्या संगणकाने तुम्हाला नको ते पुस्तक सुचवले आणि तुम्ही ते घेतले नाही, तर ती चूक त्याच्याकडे परत जाते. पुढच्या वेळी तो सुधारतो. क्रिकेटच्या आकडेवारीवरून संघ निवडणाऱ्याला सामन्याच्या संध्याकाळीच आपली चूक कळते. शिक्षकाच्या सूत्राचे तसे होत नाही. ज्यांना काढले ते गेले. त्यांतले किती चांगले होते हे सूत्राला कोणी सांगत नाही. त्या पाचवीच्या शिक्षिकेला थोड्याच दिवसांत शेजारच्या राज्यातल्या सधन वस्तीतल्या शाळेने बोलावून घेतले. ही बातमी सूत्रापर्यंत पोचण्याची सोयच नव्हती. उलट, वाईट शिक्षक काढून टाकले असे समजून सगळे समाधानी. सूत्राने स्वतःच प्रश्न काढला, स्वतःच पेपर तपासला आणि स्वतःलाच पैकीच्या पैकी गुण दिले.

ह्यूस्टन शहरात ही गोष्ट न्यायालयात गेली. तिथले सूत्र सॅस या खासगी कंपनीचे होते आणि ते गुप्त होते. शिक्षक संघटनेने दावा लावला. मे २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने म्हटले की आपले गुण बरोबर आहेत की नाहीत हे तपासण्याचा कोणताही अर्थपूर्ण मार्ग शिक्षकांना उपलब्ध नाही, आणि एवढ्यावर त्यांचा दावा पुढे चालू शकतो. त्यात एक विलक्षण बाब पुढे आली. एकाचे गुण दुसऱ्यांच्या गुणांवर अवलंबून असल्यामुळे एका शिक्षकाची चूक दुरुस्त केली तर इतरांचेही आकडे हलतात. म्हणून चूक सापडली तरी ती तेवढ्यापुरती दुरुस्त होत नव्हती. त्याच वर्षी तडजोड झाली. पडताळता न येणाऱ्या अशा गुणांवर कोणाला कामावरून काढणार नाही, असे शाळा-मंडळाने मान्य केले. आपल्याकडे दहावीचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागू शकतो, गुणांची पडताळणी करून घेऊ शकतो. ह्यूस्टनच्या शिक्षकाला तेवढाही हक्क नव्हता.

लेखिकेच्या मते घातक सूत्राची तीन लक्षणे: ते अपारदर्शक असते, ते फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, आणि ते माणसाचे नुकसान करते. तिन्ही लक्षणे नीट समजावली आहेत. तुरुंगवासाची मुदत, नोकरीचे अर्ज, कर्ज, विमा, निवडणूक प्रचार अशी एकेक प्रकरणे या तिन्ही लक्षणांवर तपासत पुस्तक पुढे जाते. मधली काही प्रकरणे आम्हाला एकसुरी वाटली. एक नमुना कळला की पुढच्याचा अंदाज येतो. सूत्राच्या जागी पूर्वी जो माणूस बसत होता तो काय करत असे, याची तुलनाही फारशी वाट्याला येत नाही. ओळखीवर नोकरी आणि वशिल्यावर कर्ज मिळण्याचा काळ न्यायाचा होता असे म्हणण्याचे धाडस आपल्याकडे तरी कोणी करणार नाही.

आमचा खरा मतभेद पुस्तकाच्या शेवटाशी आहे. शेवटी लेखिका म्हणतात की हेच गणित लोककल्याणासाठी वापरता येते, आणि उदाहरण म्हणून फ्लोरिडातल्या एकर्ड या स्वयंसेवी संस्थेची पद्धत देतात. टँपा शहराच्या भागात घरातल्या मारहाणीने मुले दगावत होती. कोणत्या घरातल्या मुलाला धोका अधिक आहे याचा अंदाज संगणकाने काढायचा आणि समाजकार्यकर्त्यांनी तिथे आधी पोचायचे, अशी ही पद्धत २०१३ मध्ये सुरू झाली. हेतू शिक्षेचा नाही, मदतीचा आहे. म्हणून हे सूत्र चांगल्यांत जमा.

पण हीच पद्धत पुढे इलिनॉय राज्याने घेतली, आणि २०१७ च्या अखेरीस बंद केली. तिने ४,१०० हून अधिक मुलांना मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा संभव ९० टक्के अथवा त्याहून जास्त असल्याचे दाखवले होते. कार्यकर्त्यांवर धोक्याच्या सूचनांचा पाऊस पडला, आणि प्रत्यक्षात दगावलेल्या काही मुलांबाबत मात्र तशी सूचना मिळाली नव्हती. जिथे गणित चांगल्या हेतूने वापरले, तिथेही ते फसले.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, दुर्मीळ घटनेच्या अंदाजाची. पुन्हा सोयीचे आकडे घेऊ. दहा हजार घरांपैकी वीस घरांत खरा धोका आहे. आपली पद्धत चांगली आहे: धोक्याच्या शंभरपैकी नव्वद घरे ती ओळखते, आणि निर्धोक शंभरांपैकी दहांवरच चुकून बोट ठेवते. मग वीसपैकी अठरा सापडली. उरलेल्या ९,९८० निर्धोक घरांपैकी ९९८ घरांवरही बोट ठेवले गेले. एकूण यादी १,०१६ घरांची, त्यांत खरी अठरा. शंभरात दोनसुद्धा नाहीत. कार्यकर्ता पन्नास दारे ठोठावतो आणि एका दारामागे कदाचित काही सापडते. तोवर त्याचा यादीवरचा विश्वास उडालेला असतो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. नव्वद टक्के संभव म्हणजे काय? अशी शंभर मुले घेतली तर नव्वदांच्या बाबतीत ते घडायला हवे. हे तपासता येते. यादी जपून ठेवायची आणि दोन वर्षांनी मोजायचे. म्हणजे ओनीलबाईंचीच कसोटी, चूक परत येण्याची. पण मदतीच्या सूत्राला ती लावायला गेले की पंचाईत होते. कार्यकर्ता घरी गेला, मूल वाचले. मग अंदाज चुकला होता, की अंदाज बरोबर होता म्हणूनच मूल वाचले? दोन्हींत नोंदवहीत एकच शेरा येतो: काही घडले नाही. शिक्षा करणाऱ्या सूत्राला आपली चूक दिसत नाही, आणि मदत करणाऱ्या सूत्रालाही ती दिसत नाही. कारणे निराळी, परिणाम एक. हेतू चांगला असला की तपासणीची गरज कमी होते असे नव्हे, तपासणी अधिक कठीण होते. हा विचार पुस्तकात यायला हवा होता. त्याला उपाय नाही असेही नाही. सूत्र वापरात आणण्याआधी ते मागच्या वर्षांच्या नोंदींवर चालवून पाहावे, कारण त्या वर्षी यादी कोणी पाहिलेली नव्हती आणि काय घडले ते मात्र लिहून ठेवलेले आहे. किंवा सगळ्यांपर्यंत पोचणे शक्यच नसेल, तर सारख्या गरजेच्या लोकांत चिठ्ठ्या टाकून आधी कोणाकडे जायचे ते ठरवावे आणि मग दोन्ही गटांची तुलना करावी. नव्या औषधांच्या चाचण्यांत हे केले जाते. शासकीय योजनांत ते करायला अधिकारी कचरतात.

हा प्रश्न आपल्या देशातल्या शाळांपर्यंत आलेला आहे. आंध्र प्रदेश सरकारने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने, शाळा सोडण्याचा संभव असलेली मुले आधीच ओळखणारी पद्धत तयार केली. पटनोंदणी, मुलांचे गुण, मुलगा की मुलगी, घरची सामाजिक-आर्थिक स्थिती, शाळेतल्या सोयी, शिक्षकांची तयारी अशा माहितीवर ती चाले. २०१८-१९ या वर्षासाठी विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमधली अशी सुमारे १९,५०० मुले तिने काढून दिली होती. हेतू उत्तम आहे, त्याविषयी कोणाला शंका असू नये. महाराष्ट्रातले शिक्षकही ‘यू-डायस’मध्ये माहितीचे रकाने भरतच असतात, अशी यादी उद्या एखाद्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडणे अशक्य नाही.

समजा, ती आली. यादीत सातवीतल्या तेवीस मुलांची नावे आहेत. वर्गशिक्षिकेला त्यांतली चार नावे पाहून आश्चर्य वाटेल, आणि यादीत नसलेली दोन नावे तिला तोंडपाठ असतील. त्यांतल्या एकीचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जातात. गेल्या वर्षी तिला आजीजवळ ठेवले होते. यंदा आजी राहिली नाही, धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, आणि त्याला सांभाळायला कोणीतरी फडावर लागणार. तिचे गुण चांगले आहेत, उपस्थिती पूर्ण आहे, शाळेला स्वच्छतागृह आहे. सूत्राच्या सगळ्या रकान्यांत ती निर्धोक आहे. आजी गेल्याचा रकाना कुठेच नाही.

अशा यादीबरोबर वर्गशिक्षिकेने तीन गोष्टी मागाव्यात असे आम्ही सुचवू. हे सूत्र मागच्या पटावर चालवून पाहिले होते का, आणि तेव्हा किती नावे बरोबर निघाली? यादीतले नाव कोणत्या रकान्यांमुळे आले हे तिला पाहता येईल का? आणि यादीच्या उजवीकडे दोन कोरे रकाने ठेवावेत. एकात आपण त्या मुलासाठी काय केले ते लिहायचे, दुसऱ्यात मार्चअखेर ते मूल शाळेत होते की नाही ते लिहायचे. खाली चार-पाच ओळी मोकळ्या सोडाव्यात, यादीत नसलेल्या नावांसाठी. ऊसतोडीच्या मुलीचे नाव पहिल्या ओळीत जाईल. मग तो कागद जिथून आला तिथे परत पाठवायचा, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत काय बदलले ते पाहायचे.